साडेतीन आयडी

पेशवाईत शहाणे साडेतीन, महाराष्ट्रात देवीची पीठं साडेतीन आणि वर्षात मुहूर्तही साडेतीन. तेव्हा मराठी संकेतस्थळांवर मुरलेल्या एखाद्या गृहस्थाचे आयडी साडेतीन निघाले, तर नवल वाटायला नको. पहिला आयडी गंभीर लेखांचा. दुसरा कवितांचा, कारण आपण कविता करतो हे ऑफिसात कळून चालत नाही. तिसरा निव्वळ भांडणाचा. उरलेला अर्धा म्हणजे ज्याचा पासवर्ड आता आठवत नाही तो; त्याच्या नावावर आरक्षणापासून आंब्याच्या डाळीपर्यंत इतकं काही लिहून ठेवलेलं आहे, की पासवर्ड न आठवलेलाच बरा.

‘मायबोली’ १९९६ साली सुरू झाली, ‘मिसळपाव’ २००७ साली. न्यू जर्सीपासून नाशिकपर्यंतची मराठी माणसं तिथे धागे काढू लागली, प्रतिसाद देऊ लागली, ‘अवांतर’ असं वर लिहून मूळ विषयापेक्षा लांब लिहू लागली. ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ एवढं सगळं टंकायचा कंटाळा आला म्हणून ‘पुलेशु’ आलं, ‘पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत’चं ‘पुभाप्र’ झालं. आणि डुप्लिकेट आयडीचा झाला डुआयडी. कोण कुणाचा डुआयडी, हा या वस्तीतला सनातन संशोधनाचा विषय आहे. या संशोधनाला अनुदान नाही, पण संशोधकांची कमतरता कधी पडली नाही.

डुआयडी पकडला जातो तो बहुधा शुद्धलेखनात. माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, वय बदलतो, पुरुषाची बाई होतो; पण ‘की’ ऱ्हस्व लिहायची खोड काही जात नाही. कुणी वाक्याच्या शेवटी दोनच टिंबं देतो, कुणाचं स्वल्पविरामाआधी स्पेस सोडल्याशिवाय भागत नाही. काही थोर लोक मात्र याहून सोप्या रीतीने सापडतात.

समजा, एका गृहस्थांनी कोकणच्या सहलीवर लेख टाकला आहे. तीन तास झाले, प्रतिसाद दोन. त्यांतला एक ‘फोटो दिसत नाहीत’ असा आणि दुसरा ‘गुहागरचा ग ऱ्हस्व’ असा. गृहस्थ लॉगआउट होतात आणि ‘शेवंती’ या नावाने आत येतात. ‘दादा, किती सुंदर लिहिलंय! समुद्र डोळ्यांसमोर उभा राहिला. पुभाप्र.’ मग पुन्हा आपल्या मूळ नावाने आत येऊन आभार मानायचे, हा शिष्टाचार. रात्रीचे पावणेबारा, डोळ्यांवर झोप, घरात ‘अजून किती वेळ?’ ही विचारणा दोनदा झालेली. गृहस्थ लिहून मोकळे होतात: ‘धन्यवाद शेवंतीताई! तुमच्यासारखे रसिक वाचक आहेत म्हणून लिहायला हुरूप येतो.’ बटण दाबतात आणि मग बघतात. आभारही शेवंतीनेच मानलेले. ते पुसायला धावेपर्यंत तिघांनी स्क्रीनशॉट घेतलेले असतात आणि प्रतिसादांचा आकडा, जो तीन तास दोनावर अडकला होता, तो सकाळपर्यंत शंभरी ओलांडतो. लेखाचं भाग्य उजळतं ते असं.

अशा घटनेनंतर चार-आठ दिवस नीतीची चर्चा चालते. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘हिंमत असेल तर खऱ्या नावानं लिहा.’ आणि ते ‘तलवारबहाद्दर’ या आयडीने लिहिलेलं असतं.

टोपणनाव म्हणजे भित्रेपणा, हा आरोप मराठीत करणं जरा धाडसाचं आहे. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकातला कवितांचा विभाग त्या न्यायाने निम्मा रिकामा करावा लागेल. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, आरती प्रभू म्हणजे खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. गडकऱ्यांचं एका टोपणनावात भागलं नाही. कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम अशी त्यांनी खाती वाटून दिली होती. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ उधळली ती केशवकुमार होऊन. पण ही सगळी हौसेची, लाडाची नावं. त्यांच्यामागे कोण आहे हे बहुतेकांना ठाऊक होतं. खरं नाव लपवण्याची गरज होती ती वेगळ्याच माणसांना.

गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. वय पंचवीस. १८४८ साली त्यांनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत १०८ पत्रं लिहिली. आपण त्यांना शतपत्रे म्हणतो. वरची आठ मराठी माणसाने घासाघीस करून फुकट मिळवली असावीत. ज्या समाजात ते जन्मले, त्याच समाजाच्या भिक्षुकीवर, आळसावर, पोकळ पांडित्यावर त्यांनी असे आसूड ओढले, की सही खऱ्या नावाची असती तर देशमुखांना घरच्या श्राद्धाला भटजी मिळाला नसता. त्यांना कुणी ‘खऱ्या नावानं लिहा’ म्हटलं असतं तर पत्रं तीनच्या पुढे गेली असती का, याचा विचार तलवारबहाद्दरांनी करावा.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नं न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते या बाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, आणि पुण्या-मुंबईच्या सभ्य समाजाला एकदम घाम फुटला. पुस्तकात काय लिहिलंय यावर चर्चा झाली ती थोडी. बाकी सगळी शक्ती विभावरी शिरूरकर कोण, हे हुडकण्यात खर्च झाली. बाईच्या नावाआड पुरुषच असणार, असंही काहींनी ठरवून टाकलं. बाईला इतकं कसं कळेल, हा त्यामागचा विचार. मुळात त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. स्त्रीशिक्षणाच्या कामात असलेली अविवाहित तरुणी. खरं नाव छापलं असतं तर त्या कळ्यांचं जे झालं असतं ते झालंच असतं, बाळूताईंची नोकरीही गेली असती. हे नाव म्हणजे बुरखा नव्हता, हेल्मेट होतं. दगड खरोखरच येणार होते.

आता जरा अवघड प्रकरण. १९६४ सालचा ‘मराठा तितुका मेळवावा’ हा भालजी पेंढारकरांचा चित्रपट. संगीत आनंदघन. ‘रेशमाच्या रेघांनी’ या लावणीचे गीतकार डॉ. वसंत अवसरे. यांतले आनंदघन म्हणजे लता मंगेशकर आणि डॉ. अवसरे म्हणजे शांता शेळके. म्हणजे शिवकाळावरच्या चित्रपटात मावळ्यांपेक्षा जास्त वेषांतर श्रेयनामावलीत झालं होतं. लताबाईंच्या नावाची गंमत पुढे झाली. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला, व्यासपीठावरून ‘आनंदघन’ असा पुकारा झाला आणि कुणी उठेचना. शेवटी ते आनंदघन इथेच बसले आहेत आणि आत्ता गाण्याचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला आहे, असं सांगावं लागलं, ही आठवण चित्रपटसृष्टीत अजून चवीने सांगतात. शांताबाईंनी मात्र पुरुषाचं नाव का घेतलं? त्या सेन्सॉर बोर्डाच्या कामात होत्या आणि स्वतःच्या नावाने चित्रपटगीतं देणं अडचणीचं होतं, असं सांगितलं जातं. इथे नीतिशास्त्रीने डोकं खाजवायला हरकत नाही. एका हाताने कात्री आणि दुसऱ्या हाताने लेखणी! पण डॉक्टरसाहेबांनी उभ्या कारकिर्दीत कुणाला औषध दिलं नाही, कुणाची नाडी पाहिली नाही. दिली ती फक्त गाणी. सबब सोडून द्यावं. आजच्या आंतरजालावर मात्र ‘डॉ.’ लावलेला आयडी मधुमेहावर मेथ्यांचा काढा सांगू लागला, तर तिथे काव्याची सूट मिळू नये. नाव खोटं चालेल. पदवी खोटी चालणार नाही, कारण नावावर कुणी औषध घेत नाही, पदवीवर घेतं.

कधी कधी तर मालकच टोपणनाव घ्यायला लावतो. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा इसम नोकरीला होता. थोड्याशा नमुन्यांवरून अख्ख्या ढिगाबद्दल किती खात्रीने बोलता येईल, याचं गणित त्याने बसवलं. कारखान्याला आपली गुपितं बाहेर जायला नको होती, म्हणून १९०८ साली त्याचा शोधनिबंध ‘स्टुडंट’ या नावाने छापला गेला. आज सांख्यिकी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ शिकतो, आणि ती आपल्यासारख्याच कुणा विद्यार्थ्याने काढली असावी या समजुतीत नापास होतो.

पुरुषाने बाई होऊन लिहिणं, हे आंतरजालाचं पाप समजलं जातं. ते अन्यायाचं आहे. बॉस्टनमध्ये १७२२ साली ‘न्यू इंग्लंड कूरंट’ या पत्राच्या छापखान्यात दाराखालून एक पत्र सरकवलेलं सापडलं. लिहिणारी सायलेन्स डूगुड, एक मध्यमवयीन विधवा, जिभेने तिखट. पत्र छापलं, लोकांना आवडलं. अशी चौदा पत्रं आली. बाई हार्वर्डच्या दीडशहाण्यांपासून दारुड्यांपर्यंत कुणाला सोडत नव्हती. वृत्तपत्राचा मालक जेम्स फ्रँकलिन बाईंवर खूष होता. पुढे कळलं, की बाई म्हणजे त्याच्याच छापखान्यात उमेदवारी करणारा त्याचा सोळा वर्षांचा धाकटा भाऊ बेंजामिन. जेम्सची खुषी तिथेच संपली. थोरल्या भावांचं हे सगळीकडे सारखंच असतं: लेख चांगला आहे हे मान्य, पण धाकट्याने लिहिलाय म्हटल्यावर त्यात दम नाही.

मराठी संकेतस्थळांवर अशा शेवंतींची काळजी करणारे दादालोक पुष्कळ. पुरुषाच्या आयडीने ‘पुरणपोळी फुटते, काय करावं’ असं विचारलं तर ‘चितळ्यांकडून आणा’ असं उत्तर येतं. तोच प्रश्न शेवंतीने विचारला तर कणीक किती मळायची, तेल किती, सपीट घालावं की नाही, यावर तीन दादा आपसात भांडतात आणि चौथा व्यक्तिगत निरोप पाठवतो. हा निरोप आला की शेवंतीला, म्हणजे त्या मिशीवाल्या गृहस्थांना, बायकांना आंतरजालावर काय काय सोसावं लागतं याचं ज्ञान पहिल्यांदा होतं. एवढ्यापुरता डुआयडी शैक्षणिक म्हणायला हरकत नाही.

खरी लबाडी सुरू होते ती नाव एकाचं दोन झाल्यावर. त्यातही, दुसऱ्या नावाने पहिल्याची आरती सुरू झाल्यावर.

या क्षेत्रातला मेरुमणी म्हणजे जॉन मॅकी. हे अमेरिकेतल्या ‘होल फूड्स’ या बड्या किराणा-भाजीपाला साखळीचे सहसंस्थापक आणि तेव्हाचे मुख्याधिकारी. सेंद्रिय गाजरं विकून ज्यांनी अब्जावधींचा व्यवसाय उभा केला, त्या माणसाला रात्री काम नसेल असं वाटत नाही. पण याहूच्या शेअरबाजार-चर्चेत सात-आठ वर्षं ‘राहोडेब’ नावाचा एक सदस्य नेमाने लिहीत असे. होल फूड्स कंपनी कशी थोर, तिचा शेअर कसा वर जाणार, आणि ‘वाइल्ड ओट्स’ ही तिची प्रतिस्पर्धी कशी गाळात चालली आहे. कुणी मॅकींच्या केशरचनेची थट्टा केली तेव्हाही राहोडेब धावून आला आणि आपल्याला ती आवडते, माणूस गोड दिसतो, असं त्याने कळवलं. २००७ साली होल फूड्सने तीच गाळातली वाइल्ड ओट्स विकत घ्यायचं ठरवलं. सरकारी आयोगाने व्यवहाराला आक्षेप घेतला, कागदपत्रं तपासली, आणि राहोडेब म्हणजे स्वतः मॅकी असल्याचं न्यायालयातल्या कागदांत उघड झालं. राहोडेब हे त्यांच्या पत्नीच्या डेबोरा या नावाचीच अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं. दुसऱ्याची कंपनी घेण्याआधी तिला नावं ठेवायची, ही आपल्याकडे मुलगी पाहायला जाणाऱ्यांची जुनी रीत. पण तेसुद्धा निदान कांदेपोहे खाऊन, आपल्या तोंडाने नावं ठेवतात.

अमेरिकेच्या शेअरबाजार नियंत्रकांनी पुढे चौकशी करून कारवाई न करता प्रकरण मिटवलं. कायद्याचं समाधान झालं. केशरचनेच्या मजकुराचं काय, हे कायद्याच्या कक्षेत येत नव्हतं.

लेखकमंडळी किराणावाल्यांपेक्षा शहाणी असतील, ही समजूतही फार काळ टिकत नाही. वॉल्टर स्कॉटने १८१७ साली स्वतःच्याच कथांचं परीक्षण निनावी लिहिलं. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ निघाल्यावर स्वतःवर निनावी परीक्षणं लिहून अमेरिकेला एक महाकवी सापडल्याची बातमी दिली. बातमी खरी निघाली ही गोष्ट वेगळी. ऑर्लँडो फायजेस या रशियाच्या इतिहासाच्या नामवंत ब्रिटिश अभ्यासकाने ॲमेझॉनवर ‘हिस्टोरियन’ या नावाने इतर अभ्यासकांची पुस्तकं झोडपली आणि आपल्या पुस्तकाची वाहवा केली. २०१० साली बोभाटा झाला तेव्हा आधी वकिली नोटिसांची भाषा झाली, मग हे सगळं पत्नीने केल्याचं निवेदन आलं, आणि काही दिवसांनी स्वतःची कबुली. या क्रमात सगळ्यात वाईट पायरी दुसरी आहे. डुआयडी म्हणून बायकोचं नाव उलटं करून घेणं वेगळं आणि डुआयडीचं खापर तिच्या सुलट नावावर फोडणं वेगळं.

राजकारण्यांत मिट रॉमनी. २०१९ साली पत्रकारांनी ट्विटरवर ‘पिएर डेलेक्टो’ नावाचं खातं हुडकलं, जे रॉमनींवर टीका झाली की रॉमनींची बाजू घेई. विचारल्यावर रॉमनींनी फ्रेंचमध्ये ‘तो मीच’ एवढंच सांगितलं. निदान पत्नीवर ढकललं नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण आपल्या देशातलं आहे आणि त्याची एक पायरी खानदेशात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. लागोपाठ दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही त्यांनाच करावं असं वारं वाहू लागलं. नोव्हेंबर १९३७ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या कलकत्त्याच्या मासिकात ‘राष्ट्रपती’ नावाचा लेख आला, लेखक ‘चाणक्य’. हा चाणक्य म्हणत होता, की जवाहरलालला गर्दीची चटक आहे, तो अहंमन्य आहे, लोकशाहीची भाषा बोलतो पण थोडं इकडचं तिकडे झालं तर हुकूमशहा व्हायचं सगळं सामान त्याच्याकडे तयार आहे. त्याला तिसऱ्यांदा अध्यक्ष करू नका. वाचणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी जवळचा माणूस डूख धरून लिहितोय. माणूस जवळचाच होता. चाणक्य म्हणजे जवाहरलाल नेहरू.

आज मराठी आंतरजालावर ज्यांनी स्वतःविरुद्ध डुआयडी काढला आहे, अशांची यादी करायला बसलं तर कागद कोरा राहील. कुणी म्हणेल, स्वतःवर टीका करणं हीसुद्धा स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचीच तऱ्हा. असेल. तरी पण राहोडेबच्या शब्दावर विसंबून कुणी शेअर घेतला असता तर त्याचे पैसे अडकले असते. चाणक्याच्या शब्दावर विसंबलेल्याचं काय बुडालं? पुढच्या वर्षी हरिपुऱ्याच्या अधिवेशनाला अध्यक्ष सुभाषबाबू झाले.

मग यावर उपाय काय? तलवारबहाद्दरांचा उपाय तयार असतो: सगळ्यांना खऱ्या नावाची सक्ती करा, आधार जोडा, की भाषा आपोआप सुधारते.

दक्षिण कोरियाने हे करून पाहिलं. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचं तर आधी सरकारी ओळख क्रमांक देऊन आपण कोण ते सिद्ध करायचं, असा कायदा झाला. गुगलने २००९ मध्ये कोरियापुरता यूट्यूबवर व्हिडिओ चढवणं आणि टिप्पणी करणंच बंद केलं. लोकांनी आपला देश दुसराच दाखवला आणि काम चालू ठेवलं. म्हणजे नाव खरं करायला गेले आणि गाव खोटं झालं. सगळ्यांची खरी माहिती एका जागी गोळा झाल्यावर जे व्हायचं तेच झालं: २०११ साली एका कंपनीच्या संकेतस्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने कायदाच रद्द केला.

फेसबुकचाही खऱ्या नावाचा सोस जुना. २०११ साली त्यांनी सलमान रश्दी यांचं खातं बंद केलं, कारण खातं खरोखर रश्दींचं आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. रश्दींनी पासपोर्ट पाठवला. त्यावर पहिलं नाव अहमद. फेसबुकने प्रामाणिकपणे खातं सुरू केलं ते अहमद रश्दी या नावाने! ज्या माणसाने फतव्यानंतरची वर्षं जीव वाचवण्यासाठी जोसेफ अँटन या खोट्या नावाने काढली, त्याला खऱ्या नावाने जगायला सुरुवात केल्यावर ते खरं नाही म्हणून सांगण्यात आलं. रश्दींनी ट्विटरवर चार टोले हाणले आणि काही तासांत फेसबुक ताळ्यावर आलं. आपल्या गावातल्या कुणाचं खातं असं बंद पडलं, तर टोले हाणायला त्याच्याकडे रश्दींची लेखणी नसते.

खऱ्या नावाने लिहिण्याची किंमत काय असते, ते महाराष्ट्रात पालघरला दिसलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींची नावं खरी, फोटो खरे. दोघींना अटक झाली. पुढे गुन्हा मागे पडला, आणि ज्या ६६-अ या कलमाचा तिथे वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. दोघी ‘शेवंती’ आणि ‘जुई’ असत्या तर काही दिवस उशिरा सापडल्या असत्या, एवढंच; पण त्या काही दिवसांत लोकांचं डोकं ताळ्यावर येण्याचा संभव असतो.

आणि खऱ्या नावाने भाषा सुधारते म्हणणाऱ्यांनी एकदा कुठल्याही हाउसिंग सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बघावा. इथे नाव खरं, फोटो खरा, नावापुढे फ्लॅट नंबर. लिहिणारा सकाळी लिफ्टमध्ये भेटणार आहे हे दोघांनाही ठाऊक. तरीही बी-३०२ च्या गळतीवरून सुरू झालेलं संभाषण डी-१०१ च्या स्वर्गवासी तीर्थरूपांपर्यंत पोचायला चहाचा एक कप पुरतो. ‘ज्यांना समजायचं ते समजले असतील’ हे वाक्य आंतरजालावरच्या सगळ्या टोपणनावांनी मिळून जेवढ्या वेळा लिहिलं नसेल, तेवढ्या वेळा पार्किंगच्या प्रश्नावर खऱ्या नावांनी लिहिलं आहे. मग कुणीतरी गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ टाकतं, आणि सभा तहकूब होते.

उलट, एकाच टोपणनावाने पंधरा-वीस वर्षं लिहिणाऱ्यांची अब्रू बघण्यासारखी असते. त्यांचं पाळण्यातलं नाव कुणाला माहीत नसतं, पण त्यांच्या अनारशाचं प्रमाण चुकत नाही हे सगळ्या जगातल्या मराठी स्वयंपाकघरांना माहीत असतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डॅलसमधली सून त्या नावावर विसंबून तांदूळ भिजत घालते. हे नाव त्या बाईंनी कमावलेलं आहे. त्याला जपण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून त्या बेताल लिहीत नाहीत. याच नावाने उद्या त्यांनी ‘अमुक कंपनीचंच पीठ वापरा’ असं लिहिलं आणि ती कंपनी त्यांच्या दिराची निघाली, तर मात्र गुन्हा अनारशाएवढा गोल आणि जाळीदार होईल. नाव लपवलं त्याचं काही नाही, नातं लपवलं.

कायदाही साधारण हेच म्हणतो. टोपणनाव घेणं आपल्याकडे गुन्हा नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०२१ च्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना सांगितलं ते एवढंच, की ज्याला ओळख पडताळून घ्यायची आहे त्याला तशी सोय द्या. सक्ती नाही. जुन्या वृत्तपत्रांची वहिवाट याहून सुटसुटीत होती. वाचकांच्या पत्राखाली संपूर्ण नाव-पत्ता मागत. नाव प्रसिद्ध करू नये अशी विनंती असेल तर ‘एक वाचक’ छापत. संपादकाला माणूस माहीत, शेजाऱ्याला नाही. शेजाऱ्यापासूनच तर लपायचं असतं.

संकेतस्थळांच्या चालकांना म्हणूनच एवढीच विनंती आहे. कुणाकडे आधार कार्ड मागू नका; कोरियाला साडेतीन कोटी पडले, आपल्याकडे हिशोब ठेवायलाही माणूस मिळणार नाही. ज्या बाईला सासरचं गाऱ्हाणं मांडायचं आहे, ज्या शिपायाला साहेबाबद्दल बोलायचं आहे, ज्या हेडमास्तरांना प्रेमकविता लिहायच्या आहेत, त्यांना हवं ते नाव घेऊ द्या. मात्र एका माणसाने स्वतःच्याच लेखाखाली स्वतःला अनुमोदन दिलेलं आढळलं, तर दोन्ही आयडी त्याच दिवशी उडवा. तिसरा तो संध्याकाळपर्यंत काढेलच; त्याचाही ‘की’ ऱ्हस्वच असेल.